सूनबाईंचा हात विमानात

देवाने कुणाला गळा दिला, कुणाला रूप दिलं, कुणाला नुसतीच जीभ दिली. या बाईंना त्याने हात दिले. अंगाने त्या काही काडी नव्हत्या, चांगल्या भरल्या घरच्या दिसत. पण खांद्यापासून पुढे देवाने जणू मापच बदललं होतं. दंड बारीक, मनगट त्याहून बारीक आणि बोटं अशी लांब, निमुळती, की चामड्याच्या हातमोज्यांच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी मुकादमाने विचारलं होतं, "बाई, हे हात तुमचेच, की कुणाचे मागून आणलेत?"

हातमोजा शिवतात तो उलटा, आतली बाजू बाहेर ठेवून. मग एकेक बोट सुलटं करायचं आणि आत कुठे टाका सुटलाय का, टोक दुमडलंय का, हे बोट घालून चाचपून सांगायचं. डोळ्यांचं तिथे काही काम नाही. बाईंची बोटं आत शिरली की तोंडाने त्या शेजारणीशी लेकीबाळींच्या गप्पा मारत आणि मध्येच म्हणत, "करंगळीत शिवण उसवलीय." आणि करंगळीतच उसवलेली असायची. गल्लीत त्यांना सगळे हातमोजेवाल्या बाई म्हणत. घरात सासरे सूनबाई म्हणत, धाकटे दीर वहिनी म्हणत, आणि नवऱ्याचं आयुष्यभर एका "अगं"वर भागलं होतं.

नवरा घसरगुंड्या करायचा. बागेत असतात तशा फायबरच्या, लाल, पिवळ्या, निळ्या. जोडीला तोंड उघडलेल्या बदकाच्या कचरापेट्या आणि अळिंबीच्या आकाराची बाकं. घरामागच्या लांबलचक शेडमध्ये साचे, काचेच्या कापडाचे रोल आणि रेझिनचे डबे. वास असा, की कपाटातल्या घडीच्या चादरीही घसरगुंडीसारख्या वास मारत. त्याची एक खोड होती. जेवढे थर द्यायला सांगितले असतील, त्यावर आपल्या मनाने एक थर जास्त द्यायचा. "पोरं नाचतात गं तिच्यावर. एक थर देवाच्या नावाने असू दे." देवाची कृपा म्हणा की त्या थराची, त्याची एकही घसरगुंडी कधी चिरली नव्हती.

तर हा माणूस एक दिवस बगलेत नकाशांची गुंडाळी मारून घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "अगं, आपण विमान करूया."

बाई भांडी पुसत होत्या. "कशाला?"

"उडवायला."

"बरं. आधी नळाचा वायसर बदला."

नळ गळत राहिला आणि विमान वाढत गेलं. दोन माणसांचं, फायबरचं, घरी बांधायचं विमान. आधी शेडमध्ये मावलं, मग पंख स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आले, मग बाई पंखाखालून वाकून मिठाचा डबा काढायला शिकल्या. बोलल्या नाहीत असं नाही. पुष्कळ बोलल्या. पण नवरा एवढा खुशीत असायचा, की त्यांचं बोलणं त्याच्या अंगावरून घसरगुंडीवरच्या पाण्यासारखं निघून जाई. विमान चालवायचं शिकून परवाना घेऊन आला, तेव्हा तर त्याने तो आरशावर चिकटवला आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्याला भांग पाडता आला नाही.

बाई त्या कामात ओढल्या गेल्या त्या हातामुळेच. घसरगुंडीला शिडी लावायची तर चार भोकं पाडून चार बोल्ट आवळले की झालं. विमानाचं तसं नसतं. वजन कमी राहावं म्हणून त्याचं अंग क्रीमच्या बिस्किटासारखं असतं. वर फायबरचा पातळ पापुद्रा, आत फोम, खाली पुन्हा पापुद्रा. त्यात सरळ बोल्ट घालून आवळला, तर बिस्किट दाबावं तसं सगळं आत बसतं. म्हणून भोकाभोवतीचा फोम कोरून काढायचा, त्या जागी रेझिन आणि कापसाचा चुरा कालवून केलेला लगदा भरायचा. तो दगडासारखा झाला, की मग बोल्टला धरायला काहीतरी मिळतं. आणि जिथे नंतर कुणाचाच हात जाणार नाही, तिथे नट आधीच आतून चिकटवून ठेवायचा. या नटाला दोन बाजूंना पत्र्याचे कान असतात. कानांना लगदा लावायचा, नट भोकामागे टेकवायचा, बाहेरून मेण चोळलेला स्क्रू घालून तो ओढून धरायचा आणि लगदा वाळला की स्क्रू काढून घ्यायचा. मेण कशाला, तर स्क्रूच आत चिकटून बसू नये म्हणून.

पहिला असा नट चिकटवायची वेळ आली तेव्हा नवऱ्याचा पंजा भोकाशीच अडला. धाकटे भाऊजी पुढे झाले. ते गाडी चालवायला शिकवत, त्यामुळे घरातही त्यांचा एक पाय कायम ब्रेकवर. "हळू, हळू, डावीकडे घे, डावीकडे!" करत त्यांनी स्वतःचा हात घातला आणि कोपर सोलून घेतलं. बाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे पंखावर ठेवला, हात आत घातला, नट बसवला आणि विचारलं, "साखर कमी झालीय का?"

त्या दिवसापासून विमानातली आतली, आंधळी जेवढी कामं होती तेवढी बाईंकडे आली. कानवाले नट त्यांना ओळखू लागले म्हणा ना. सीटखालचे, वेग-उंचीचे काटे असलेल्या पाटीमागचे, दाराच्या कडीचे. नट बसवताना त्या मनात देवाचं नाव घेत, आणि बसला की पृष्ठभागावर दोनदा टिचकी मारत. तक्रारी थांबल्या. उलट कारखान्यातल्या बाया एखादी नवी साडेसाती ऐकावी तसं विचारायच्या, "कुठवर आलं गं विमान?" आणि या म्हणायच्या, "शेपटीपर्यंत."

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळी घाई त्यांच्यासाठी होती.

सासरे एका उंच कचेरीत लिफ्टमन होते. तरुणपणी आत शिरले ते म्हातारे होऊन बाहेर आले. "सगळी हयात वर जाण्यात गेली," ते सांगत, "पण मेल्यांनी लिफ्टला खिडकी ठेवली नव्हती." ज्या दिवशी विमानाच्या दुसऱ्या सीटचा सांगाडा शेडमध्ये उभा राहिला, त्या दिवशी ते त्यात जाऊन बसले आणि म्हणाले, "ही माझी. हिला खिडकी आहे ना मोठी?" मग गल्लीभर सांगून आले. कुणी चेष्टा केली तर म्हणायचे, "मी वर जाणार हे तर नक्कीच आहे. विमानाने जातो की तसाच, एवढंच ठरायचंय."

पण खरी गोष्ट त्यांच्या डोळ्यांची होती. जवळचं त्यांना केव्हाच धूसर झालं होतं. ताटात काय वाढलंय ते वासावरून सांगत. लांबचं मात्र अजून दिसे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंदा बाईंना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "डोळे हा मोसम साथ देतील. पुढच्या मोसमात उजेड आणि अंधार एवढंच कळेल. काही दाखवायचं असेल तर दाखवून घ्या." बाईंनी घरी येऊन ते नवऱ्याला सांगितलं. नवरा उठून शेडमध्ये गेला आणि सकाळपर्यंत पॉलिश पेपर घासल्याचा आवाज येत राहिला.

विमान उडवायचं तर तपासनीसांनी पाहून पास करावं लागतं. ते साहेब लांबून येत आणि या भागात मोसमातून एकच फेरी मारत. ती फेरी उद्या सकाळी होती. आणि शेपटीच्या सुकाणूची वरची बिजागरी अजून लागायची होती. तिचा नट राहिला होता. एकच नट.

म्हणून आदल्या दिवशी सकाळीच सगळे शेडमध्ये जमले. शेपटीच्या कुशीत एक गोल भोक होतं, त्यातून हात घालायचा. आत फायबरची एक कडी, तिच्यातून पंजा पलीकडे न्यायचा, तर अंगठा तळव्यात पूर्ण दुमडल्याशिवाय जात नसे. बाईंनी गुलाबी रबरी हातमोजा घातला, स्टुलावर चढल्या, गाल विमानाला टेकवला आणि हात खांद्यापर्यंत आत सारला. भाऊजींनी खालच्या फटीतून तारेच्या टोकाला लगदा लावलेला नट टांगून वर सरकवला. बाईंनी तो बोटांत घेतला, भोकामागे नेऊन टेकवला, अंगठा खालून लावला. "घाला स्क्रू."

नवऱ्याने मेण लावलेला स्क्रू घातला. फिरवला. फिरवत राहिला.

"काय झालं?"

"फिरतोय. पकडत नाहीये."

"आता कळलं," भाऊजी म्हणाले. "गियर पडत नाहीये."

"तू गप्प बस. अगं, अजून वर दाब."

"याहून वर दाबलं तर मी आरपार येईन. तुमचा स्क्रूच पोचत नाहीये. माझ्या बोटाला टोकच लागत नाही त्याचं."

नवऱ्याने डोकं खाजवलं. मग शेपटीवरून हात फिरवला, तिच्या कडेची जाडी चिमटीत धरून पाहिली, आणि त्याचा चेहरा असा झाला, की भाऊजींनी लगेच ओळखलं. "दादा! थर दिलास तू? जास्तीचा?"

"एकच."

"खरं सांग."

"बाबा बसणार ना तिच्यात," नवरा पुटपुटला. "म्हणून बाहेरून एक दिला. आणि आतून एक."

सासरे खुर्चीतून म्हणाले, "मी काय नाचणार आहे का रे तिच्यावर?"

"बरं, मी हात काढू का?" बाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर कळलं. हात काढायचा तर अंगठा दुमडावा लागणार. अंगठा तर नटाखाली. अंगठा काढला की नट खाली पडणार, शेपटीच्या तळाशी, जिथे कुणाचं बोटही पोचत नाही. आणि सुटा नट सुकाणूच्या तारांजवळ घरंगळत असताना कुठला तपासनीस विमान सोडेल? शेपटी कापावी लागणार. कापायची, नट काढायचा, पुन्हा सांधायची, आणि तपासनीस पुढच्या मोसमात. पुढच्या मोसमात खिडकी असेल. पाहायला डोळे नसतील.

"तारेवर परत टांगून खाली घेऊ," भाऊजी म्हणाले.

"लगद्याने बुळबुळीत झालाय तो. सटकेल."

"मग वरच्या भोकातून तार घालून ओढून धरू."

"तार एका अंगाला ओढते," नवरा म्हणाला. "नट वाकडा वाळला की जन्मात स्क्रू जायचा नाही. हिचा अंगठा आहे तिथे नट सरळ आहे. आहे ना गं?"

बाईंनी डोळे मिटले, बोटाच्या टोकाने भोकाची कड चाचपली, नटाची कड चाचपली. "सरळ आहे."

"मग लांब स्क्रू आणू," भाऊजी म्हणाले आणि स्कूटरवर टांग मारून गेले. सुटीचा दिवस होता. एका दुकानदाराला घरून उठवून आणलं, आणि दोन्ही खिसे भरून स्क्रू घेऊन परतले. एकाचेही आटे जुळेनात. बाजारातल्या स्क्रूंचे आटे जाडे, विमानाचे बारीक. ते टपालाने मागवावे लागतात. त्यातला एक उगीच लावून पाहताना बाई ओरडल्या, "ढकलू नका! नट हलतोय माझा!"

"माझा?" सासरे खूश होऊन म्हणाले. "नट हिचा झाला बघ."

"तो लगदा वाळायला किती वेळ लागतो हो?" बाईंनी विचारलं.

नवऱ्याने डब्याकडे पाहिलं. पाय बदलला. "उन्हाळा आहे म्हणून मी सावकाश वाळणारं हार्डनर घातलं. घाई नको म्हणून."

"अहो, किती?"

"संध्याकाळपर्यंत."

आता कुणीही रडलं असतं. बाईंना हसू फुटलं. गाल विमानाला चिकटलेला, एक हात शेपटीच्या पोटात, पाय स्टुलावर, आणि समोर तीन पुरुष पडलेल्या चेहऱ्याने उभे. त्या हसू लागल्या तशी शेपटी थरथरायला लागली. नवरा दोन्ही हातांनी शेपटी धरून ओरडला, "हसू नकोस! अगं, देवाशपथ हसू नकोस!" त्याने त्यांना आणखीच हसू आलं. शेवटी ओठ चावून, मनात देवाचा धावा करून त्यांनी ते आवरलं. देवा, माझं काही मागणं नाही, त्या म्हणाल्या. फक्त हा अंगठा सुन्न होऊ देऊ नकोस आणि या दोघा भावांना बोलायला लावू नकोस.

देवाने अर्धंच ऐकलं. भाऊजी बोलतच राहिले.

खबर गल्लीत जायला वेळ लागला नाही. कुणी डोकावलं, कुणी बसलंच. सासऱ्यांनी सुनेची जबाबदारी आपल्याकडे घेतली. केळं सोलून ते तिच्या तोंडाशी नेलं. पण जवळचं दिसत नसल्यामुळे ते आधी तिच्या कानाशी गेलं.

"बाबा, जरा खाली."

ते हनुवटीशी गेलं.

"वर, बाबा. हं, आता पुढे."

"हळू, हळू, आता उजवीकडे!" भाऊजी.

"तू शिकवू नकोस मला! मी आयुष्यभर बरोब्बर मजल्याला लावलंय!" आणि त्यांनी केळं खरोखरच बरोब्बर लावलं.

तेवढ्यात पलीकडची पार्लरवाली आली. ती आली ती तमाशा बघायलाच, पण लगदा, वाळणं, संध्याकाळ हे शब्द कानावर पडल्याबरोबर ती कंबरेवर हात ठेवून नवऱ्याकडे वळली. "अहो भावजी, माझ्याकडे बायका केसांना रंग लावून येतात. तो उबेने लवकर चढतो. तुमचं हे रेझिनही उबेने वाळत असेल ना?"

नवऱ्याने कपाळावर हात मारला. अख्खं आयुष्य त्याने घसरगुंड्या उन्हात ठेवून वाळवल्या होत्या, पण बायकोचा हात आत अडकल्यावर ऊन म्हणजे काय हेच तो विसरून गेला होता. पार्लरवाली पळत गेली आणि केस वाळवायची यंत्रं घेऊन आली. हातात धरायची दोन, आणि एक उभं, डोक्यावर टोपासारखं येणारं. टोपवालं शेपटीच्या टोकावर चढवलं. बाकीची दोन दोन्ही भावांच्या हातात दिली. "जवळ नाही धरायचं हं! हात सतत हलता ठेवा! गिऱ्हाइकाची टाळू भाजली की गिऱ्हाईक जातं!" भाऊजींना जन्मात पहिल्यांदा कुणीतरी शिकवत होतं. ते मुकाट्याने हलवत राहिले.

वाळलं कसं कळणार? आत तर दिसत नाही. नवऱ्याने उरलेल्या लगद्याचा एक ठिपका फायबरच्या तुकड्यावर लावला, तो त्याच वाऱ्यात ठेवला आणि सासऱ्यांच्या हातात दिला. "बाबा, नखाने दाबून सांगत राहा." सासऱ्यांना हे काम फार आवडलं. डोळे मिटून नख लावायचे आणि मजल्यांची नावं पुकारावीत तसे पुकारायचे.

"लोणी!"

थोड्या वेळाने, "लोणीच! थंडीतलं!"

यंत्रांची घरघर, पार्लरवालीचं ओरडणं, दारात जमलेल्या बायकांची खसखस. बाईंच्या कपाळावरचा घाम एक जण टिपत होती, दुसरी पाण्याचा पेला धरत होती. अंगठा आधी दुखला, मग खूप दुखला, मग तो आपला नाहीच असं वाटायला लागलं. ते सगळ्यात वाईट. बाईंनी मग हातमोज्यांचं काम आठवलं. बोट सुन्न पडायला लागलं की तिथे एकेका सांध्याला मनातल्या मनात हाक मारायची असते. त्या अंगठ्याशी बोलू लागल्या, टोकाशी, पेराशी, बुंध्याशी. मधूनच देवाशी. नट सरळ होता. अजून सरळ होता.

"साबण!" सासरे पुकारले. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, पाय बदलू का मी?"

"खांदा हलवू नकोस, मग बदल."

"वडी साबणाची, जुनी!"

मग बराच वेळ काही नाही. पार्लरवालीचं एक यंत्र तापून बंद पडलं आणि भाऊजी त्यावर फुंकर घालत बसले. बाईंच्या पाठीतून कळ निघाली. त्यांना वाटलं, आता नाही व्हायचं. तेवढ्यात सासरे ओरडले, "नख मोडलं! सूनबाई, नख मोडलं माझं!"

एवढ्या आनंदाने कुणी कधी नख मोडून घेतलं नसेल.

बाईंनी अंगठा सैल केला. नट राहिला. त्यांनी बोटाने ढकलून पाहिला, तो भिंतीसारखा उभा. "बसला," त्या म्हणाल्या, आणि शेडमध्ये असा कल्लोळ झाला, की टोपवालं यंत्र आडवं झालं. पण हात निघेना. हातमोज्याच्या अंगठ्याला कडेचा लगदा लागून तो नटाशीच चिकटला होता. नवरा घाबरा झाला. बाई मात्र आता आपल्या धंद्यात होत्या. उलट्या मोज्यातून बोटं सोडवणं हेच तर त्या जन्मभर करत आल्या होत्या. आधी करंगळी, मग एकेक बोट मागे घेत, शेवटी अंगठा साप कात टाकतो तसा सोडवत, त्यांनी मोकळा हात बाहेर काढला. तो उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरा आणि सुरकुतलेला दिसत होता. नवऱ्याने तो दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांसमोर, बाया हसत असताना, चोळत बसला.

मोजा आतच राहिला. कापून काढायला बाईंनी पुन्हा हात घातला, पण सुजल्यामुळे तो कडीतून जाईना. "सूज उतरली की सकाळी काढू," त्या म्हणाल्या. "साहेब काही उजाडताच येत नाहीत."

साहेब उजाडताच आले. उंच, कमी बोलणारे, हातात पेटी. चहा नको म्हणाले आणि सरळ कामाला लागले. पंख पाहिले, तारा ओढून पाहिल्या, प्रत्येक नटात स्क्रू घालून पाहिला. मान हलवत होते, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळत नव्हतं. मग शेपटीपाशी गेले, भोकातून आरसा आत सरकवला आणि टॉर्च लावला.

आरसा त्यांनी एकदा पुढे, एकदा मागे केला. मग शांतपणे म्हणाले, "आत कुणीतरी आहे."

भाऊजींनी दादाकडे पाहिलं, दादाने बायकोकडे. साहेब पुढे म्हणाले,

"मला हात दाखवतंय. गुलाबी आहे."

"तो माझा," बाई म्हणाल्या, आणि घाईघाईने, "म्हणजे मोजा माझा. हात हा इथे आहे." आणि त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. भाऊजी तोंड दाबत शेडबाहेर गेले.

साहेबांनी सगळी कथा ऐकून घेतली. जास्तीचा थर, सावकाश हार्डनर, केसांची यंत्रं. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. म्हणाले, "दोन गोष्टी. मोजा निघाला पाहिजे. आणि रबर नटाच्या कानाखाली गेलं असेल, तर हा नट मी मानणार नाही. ओढ बसली की सुटेल. मग शेपटी उघडायची आणि पुढच्या फेरीला भेटायचं."

रात्रीत सूज उतरली होती. बाईंनी नखं कापायची कात्री बोटांत घेतली, अंगठा दुमडला आणि हात आत घातला. बोटांनी मोजा सापडला. कापत कापत अंगठ्यापर्यंत आल्या. मग कात्री तळव्यात मुडपून, बोटांच्या नुसत्या टोकांनी नटाच्या एका कानाभोवती फिरल्या, मग दुसऱ्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. सासरे खुर्चीच्या कडेवर आले होते.

"रबर बाहेरच्या कडेला आहे," बाई म्हणाल्या. "एका कानाच्या टोकावर चिकटलंय. खाली गेलेलं नाही."

"बघूया," साहेब म्हणाले. त्यांनी आपली पेटी उघडली, बारीक आट्यांचा लांब स्क्रू काढला, बिजागरी लावली आणि स्क्रू हाताने फिरवला. पकडला. मग पाना लावला. पान्याच्या दांड्यावर जोर दाखवणारा काटा होता. साहेबांनी आवळलं. काटा सरकला. आणखी आवळलं. नवऱ्याने बायकोचा दंड घट्ट धरला, की तिने त्याचा, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. "कट" असा आवाज झाला आणि सासरे म्हणाले, "गेलं!"

"पाना बोलतो तो," साहेब म्हणाले. "पुरेसं आवळलं की वाजतो." मग त्यांनी बिजागरी धरून सगळं अंग टाकून ओढलं. अख्खं विमान त्यांच्या मागे हातभर सरकलं. नट तसाच.

साहेबांनी हात पुसले. "बसलाय," ते म्हणाले. मग बाईंच्या हातात उरलेल्या गुलाबी चिंध्यांकडे पाहून पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "आता चहा चालेल."

पुढचं सगळं झरझर झालं. विमान मैदानावर गेलं. नियमाप्रमाणे नवऱ्याने आधी एकट्याने उडवलं, पुन्हा पुन्हा, आणि दरवेळी बाईंनी डोळे मिटून देवाला शेपटीची आठवण करून दिली. मग एका स्वच्छ सकाळी सासरे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या सीटवर बसले. भाऊजींनी बाहेरून "पट्टा! बाबा, पट्टा!" केलं. दार लागलं, विमान धावलं, उड्या मारल्यासारखं झालं आणि उचललं. बाई हसत होत्या की रडत होत्या हे पार्लरवालीला कळलं नाही, तिने आपला रुमाल दिला. विमान घरांवरून गेलं, वळलं, पुन्हा घरांवरून गेलं, एवढंसं झालं, मग मोठं झालं आणि उतरलं.

दार उघडलं. सासरे आत तसेच बसून होते. केस उभे, चेहरा लालबुंद. सगळे धावले. "बाबा, दिसलं का? काय काय दिसलं?"

म्हाताऱ्याने सगळ्यांकडे पाहिलं, मग सुनेला शोधलं.

"सूनबाई, शेडच्या छपरावर माझी निळी उशी वाळत टाकलीस ना?"

"हो बाबा."

"तिच्यावर मांजर झोपलंय. ठिपक्यांचं. शेपूट लोंबतंय खाली." त्यांनी पट्टा सोडायला आलेला भाऊजींचा हात झटकला आणि मुलाकडे वळून म्हणाले, "चल रे, पुन्हा वर घे. ते उठलं की नाही बघून येऊ."